राणी तारामती, पगार पंधरा रुपये

छत्रपती संभाजीनगर हे नटांचं शहर आहे. गुलमंडीवरून औरंगपुऱ्याकडे वळलं की सरस्वती भुवन शिक्षणसंस्थेचा परिसर लागतो. तिकडे विद्यापीठात नाट्यशास्त्राचा विभाग आहे. ‘जिगीषा’ ही नाट्यसंस्था याच शहरात उभी राहिली आणि चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी, प्रतीक्षा लोणकर ही मंडळी इथूनच मुंबईला गेली. त्यांची नावं महाराष्ट्राला ठाऊक आहेत. त्यांच्या आधी आणि नंतर याच गल्ल्यांतून कितीतरी मुलंमुली मुंबईच्या गाडीत बसली. बहुतेकांच्या वाट्याला आला तो दोन वाक्यांचा हवालदार, लग्नातला पाहुणा, दवाखान्यातली नर्स. घरचे सगळे टीव्हीसमोर बसतात, प्रसंग येतो आणि पाणी प्यायला उठेपर्यंत संपतो. श्रेयनामावलीत नाव असेलच असं नाही.

या किरकोळ भूमिकांना शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. आपल्या सिनेमाच्या इतिहासात निर्माते आहेत, दिग्दर्शक आहेत, नायक-नायिका आहेत. त्यांच्या मागे उभी असलेली माणसं मात्र एखाद्या ओळीत येतात आणि जातात. मराठी माणसाने हिंदुस्थानात चित्रपट उभा केला असं आपण अभिमानाने म्हणतो. तो कोणाच्या अंगमेहनतीवर उभा राहिला, हे सांगायचं तर सुरुवात ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीतून करावी लागते.

खाणावळीतून राजवाड्यात

१९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून परतले. तिथे त्यांनी विल्यमसनचा कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेतलं होतं. विम्याची पॉलिसी गहाण पडलेली होती आणि पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने कर्जाच्या तारणात गेले होते. दादरच्या घरी ‘राजा हरिश्चंद्र’ची तयारी सुरू झाली. हरिश्चंद्राच्या कामाला दत्तात्रय दामोदर दाबके मिळाले. रोहिदासाच्या कामासाठी घरचाच मुलगा होता, भालचंद्र. अडलं ते राणी तारामतीपाशी.

फाळक्यांनी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या, पण घरंदाज बाई पुढे येणं शक्यच नव्हतं. मग ते वेश्यावस्तीत गेले. तिथूनही नकार आला. समाजाने ज्यांना वाळीत टाकलं होतं, त्या बायकांनाही कॅमेऱ्यासमोर उभं राहणं कमीपणाचं वाटत होतं. सिनेमाच्या कामाची त्या काळी काय प्रतिष्ठा होती, हे यावरून कळावं. फाळके आपल्या नटांना सांगत, कोणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहे म्हणा. कारखान्यातल्या कामगाराला निदान घर भाड्याने मिळे, सोयरीक जमे.

अशा वेळी ग्रँट रोडवरच्या खाणावळीत फाळक्यांना एक शिडशिडीत तरुण दिसला. नाव अण्णा हरी साळुंके. स्वयंपाकघरात कामाला, पगार महिना दहा रुपये. फाळक्यांची नजर गेली ती त्याच्या नाजूक हातांवर आणि बांध्यावर. त्यांनी पंधरा रुपये देऊ केले. साळुंके आले आणि हिंदुस्थानच्या पहिल्या पूर्ण लांबीच्या कथापटाची नायिका मिळाली.

ही हकिगत गमतीची म्हणून सांगतात. मला ती मजुरीची हकिगत वाटते. पाच रुपयांची वाढ म्हणजे दीडपट पगार. त्या रकमेसाठी एका तरुणाने मिशी उतरवली, लुगडं नेसलं आणि आपला चेहरा अशा यंत्राच्या स्वाधीन केला ज्याच्यातून पुढे काय बाहेर पडणार हे त्याने पाहिलेलं नव्हतं. वडील हयात असताना मिशी काढणं त्या काळी अशुभ समजत. फाळक्यांना आपल्या नटांची त्यासाठी बरीच मनधरणी करावी लागली. रंगभूमीवर पुरुषाने स्त्री होणं प्रतिष्ठेचं होतं. बालगंधर्वांच्या शालूची नक्कल घराघरांत होत होती. पण साळुंक्यांच्या मागे ना गाणं होतं, ना नाटक कंपनी, ना नाव.

तेव्हाचं चित्रीकरण उन्हात चाले. कॅमेऱ्याचा दांडा हाताने, एका लयीत फिरवावा लागे. लय चुकली की पडद्यावर माणूस धावू लागे. त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे, तांबडं ते सगळं काळं उमटे. म्हणून चेहऱ्यावर पांढऱ्या रंगाचे थर द्यावे लागत, आणि घामाने रंग ओघळला की पुन्हा रंगवणं आलं. ‘राजा हरिश्चंद्र’ पुरा व्हायला सुमारे सात महिने लागले. लांबी सुमारे ३,७०० फूट. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लोकांसाठी पडदा उघडला.

जी रिळं आज शिल्लक आहेत त्यांत राणीच्या दासी जलक्रीडा करतात तो प्रसंग आहे. ओल्या लुगड्यांतल्या त्या सगळ्या दासी पुरुष आहेत. ही रिळं १९१३ ची की १९१७ साली फाळक्यांनी पुन्हा केलेल्या ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणत्याही वर्षीची असोत, त्या दासी कोण, कुठल्या, त्यांना काय मिळालं, हे कुठेही नोंदलेलं नाही. पहिल्या राणीचं नाव तरी आपल्यापाशी आहे. दासींचं तेही नाही.

सीता, राम आणि मग कॅमेरा

१९१७ साली फाळक्यांनी ‘लंकादहन’ काढला. त्यात साळुंके सीताही होते आणि रामही. आपल्या पडद्यावरची ही पहिली दुहेरी भूमिका. राम दिसला की प्रेक्षक चपला काढून हात जोडत, आणि जमलेली नाणी पोत्यांत भरून बैलगाडीने न्यावी लागत, अशा आठवणी सांगितल्या जातात. नमस्कार घेणारा तो राम चार-पाच वर्षांपूर्वी खाणावळीत रांधत होता, हे त्या गर्दीतल्या फार थोड्यांना माहीत असेल.

तोवर ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती आणि त्यांची मुलगी कमळाबाई मोहिनी झाली होती. बायका पडद्यावर येऊ लागल्या, म्हणजे साळुंक्यांसारख्यांची गरज एक दिवस संपणार हे उघड होतं. तेव्हा साळुंक्यांनी जे केलं त्याबद्दल मला त्यांच्या सीतेपेक्षाही अधिक आदर वाटतो. ते कॅमेऱ्याच्या मागे गेले. १९२२ च्या ‘सत्यनारायण’मध्ये आणि १९२३ च्या ‘बुद्धदेव’मध्ये त्यांनी अभिनयही केला आणि छायाचित्रणही. त्यानंतर मूकपटांचा काळ सरेपर्यंत ते छायाचित्रकार म्हणूनच राहिले. नट म्हणून त्यांच्या नावावर जेमतेम पाच चित्रपट आहेत. छायाचित्रकार म्हणून त्याहून कितीतरी जास्त.

आपण मात्र त्यांना ‘पहिली नायिका झालेला पुरुष’ एवढ्यावरच ओळखतो. एका स्वयंपाक्याने कुठल्याही शाळेत न जाता छायाचित्रणाची कला हस्तगत केली आणि तिच्यावर पोट भरलं, ही त्यांच्या आयुष्यातली मोठी गोष्ट. फाळक्यांच्या कारखान्यात रंग लावणारा, फिल्म धुणारा आणि पडद्यावर दिसणारा माणूस एकच असू शके. लहान कामं करणाऱ्याला सगळी कामं जवळून पाहायला मिळत. साळुंके तिथेच शिकले.

पैठणचा जमाव पुण्यात

हे सगळं मुंबई-नाशकात चाललेलं असताना आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. धीरेंद्रनाथ गांगुली यांनी १९२२ साली हैदराबादेत लोटस फिल्म कंपनी काढली होती. १९२४ साली त्यांनी ‘रझिया बेगम’ हा चित्रपट दाखवला, निजाम सरकारचा रोष ओढवला आणि त्यांना राज्य सोडावं लागलं. संस्थानात चित्रपटधंदा रुजण्याची शक्यता तिथेच खुंटली. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, माणसाला पडद्यावर यायचं तर हद्द ओलांडणं भाग होतं.

आपली भूमी मात्र पडद्यावर गेली. गुलमंडीपासून टिळक पथाने पैठण गेट गाठायचं आणि पुढे पन्नासेक किलोमीटर गेलं की एकनाथांचं पैठण. ते पैठण १९३५ साली पुण्यात उभं राहिलं. प्रभात फिल्म कंपनीने ‘धर्मात्मा’ काढला, दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचं. मूळ नाव ‘महात्मा’ होतं. गांधीजींची आठवण होईल म्हणून सेन्सॉरने ते बदलायला लावलं. एकनाथांच्या भूमिकेत बालगंधर्व होते, म्हणजे आयुष्यभर स्त्री-भूमिका गाजवलेले नटसम्राट पुरुषवेशात. पुढे १९४० साली ‘संत ज्ञानेश्वर’मध्येही प्रभातने पैठण दाखवलं आणि शाहू मोडकांचा ज्ञानेश्वर घरोघर पोचला.

या चित्रपटांतलं पैठण कोणामुळे खरं वाटतं? वाळवंटातले ब्राह्मण, वाटेवरच्या बाया, कीर्तनात डोलणारे वारकरी, यांच्यामुळे. ही सगळी प्रभातच्या पगारपत्रकावरची किंवा रोजावर आणलेली माणसं. मराठवाड्याचा संत पडद्यावर साकारला तो अशा अनामिकांच्या गर्दीत उभा राहून. त्या गर्दीतून एक बाई पुढे आली आणि मराठी सिनेमाच्या शिखरावर जाऊन बसली. तिचं नाव गौरी.

गौरी

गौरीबाई प्रभातमध्ये एक्स्ट्रा होत्या. मागे उभं राहायचं, सांगितलं की चालायचं, थांब म्हटलं की थांबायचं. १९३६ साली विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ हाती घेतला. दामले ध्वनिमुद्रणातले दर्दी, फत्तेलाल कलादिग्दर्शक. दोघांची नजर कारागिराची. तुकारामासाठी त्यांनी विष्णुपंत पागनीस निवडले, जे नाटकात स्त्री-भूमिका करत आलेले होते. आणि जिजाईसाठी गौरी.

तो चित्रपट पुन्हा पाहावा आणि फक्त जिजाईकडे लक्ष द्यावं. तुकाराम अभंगात रंगलेले असतात तेव्हा ती चुलीपाशी असते. घरात दाणा नाही, पोरं उपाशी आहेत, नवरा आलेलं देऊन टाकतो. ती ओरडते, शिव्या घालते आणि पुढच्याच क्षणी त्याला जेवायला वाढते. पोरगं आजारी पडतं तेव्हा ती हातात वहाण घेऊन थेट विठोबाच्या देवळात शिरते. शिवाजी महाराजांकडून नजराणा येतो तेव्हा पोरांना नटवताना तिच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते पाहून गळा दाटतो. आयुष्यात एकदा तरी अंगभर वस्त्र मिळालेल्या बाईचा तो आनंद आहे. शेवटी गरुडाचं विमान येतं, तुकाराम वैकुंठाला निघतात, आणि ती मागे राहते, कारण पोरांचं जेवण व्हायचं असतं.

पागनीसांचा तुकाराम आकाशाकडे पाहतो, गौरीची जिजाई जमिनीवर उभी आहे. तिच्यावाचून तो चित्रपट नुसता चमत्कारांचा राहिला असता. तिच्या चालण्यात कष्टाची सवय आहे, भाकरी थापण्यात खोटेपणा नाही, आवाजात घासाघीस केलेल्या गळ्याची धार आहे. नाटकाच्या तालमीत ही गोष्ट सहज मिळत नाही. नट्या नाटकी हातवारे करत त्या काळात इतकं साधं काम गौरीबाईंनी केलं, आणि ते मला आजही मराठी पडद्यावरच्या थोर अभिनयांत अव्वल वाटतं.

१२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईत सेंट्रल सिनेमात ‘संत तुकाराम’ लागला आणि ५७ आठवडे चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्या वर्षीच्या उत्कृष्ट चित्रपटांत त्याची निवड झाली. पुढे गौरीबाई ‘माणूस’मध्ये दिसल्या, ‘संत सखू’त हंसा वाडकरांच्या सखूला छळणारी सासू झाल्या. नायिका म्हणून त्यांचं नाव कधी झळकलं नाही. जिजाई केल्यावरही त्या दुय्यम भूमिकाच करत राहिल्या. आणि ज्या बाईने तुकोबांच्या संसाराला चेहरा दिला, तिच्यावर मराठीत एक धड चरित्रलेख मिळणंही मुश्कील आहे.

महिन्याचा पगार

अशी माणसं घडली त्यामागे स्टुडिओची एक पद्धत होती. कोल्हापूरची महाराष्ट्र फिल्म कंपनी असो की १९२९ साली तिच्यातून बाहेर पडलेल्यांनी काढलेली प्रभात, नट महिन्याच्या पगारावर असत. ज्या दिवशी पडद्यावर काम नसेल त्या दिवशी दुसरं काम असे. शांताराम स्वतः महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटरांकडे पडेल ते काम करत वाढले आणि १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये तरुण शेतकरी झाले. वसंत देसाई १९३० च्या ‘खुनी खंजीर’मध्ये किरकोळ भूमिकेत होते, पुढे ‘दो आँखें बारह हाथ’चं संगीत त्यांनी दिलं. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त तारामती दुर्गा खोटे झाल्या. एकोणीस वर्षांत त्याच भूमिकेचा प्रवास खाणावळीतल्या स्वयंपाक्यापासून शिकलेल्या घरंदाज स्त्रीपर्यंत झाला होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही घडी मोडली. काळा पैसा आला, नट स्वतंत्र झाले, मोठ्यांचे भाव वाढले. किरकोळ भूमिका करणारा मात्र पगारावरून रोजावर आला. त्याच्या आणि स्टुडिओच्या मधे एक्स्ट्रा पुरवणारा दलाल उभा राहिला. शिकण्याची वाट बंद झाली, कारण रोजावरच्या माणसाला कॅमेऱ्यामागे कोण येऊ देणार?

अमरावतीत जन्मलेले भगवान पालव, आपले भगवानदादा, गिरणगावातून मूकपटांत आले. हाणामारीच्या लहान भूमिकांतून वर चढले, १९५१ साली ‘अलबेला’ काढला आणि वैभव पाहिलं. पुढचे चित्रपट पडले, बंगला आणि गाड्या गेल्या, दादा दादरच्या चाळीत परतले आणि गाण्याच्या गर्दीत दोन पावलं नाचून पोट भरू लागले. ज्या पायरीवरून चढले त्याच पायरीवर त्यांना धंद्याने परत आणून उभं केलं. अशा वेळी आधार देणारी पगाराची घडी उरलेली नव्हती.

बर्लिनचा दाखला

आपल्याकडे मूकपट निघत होते तेव्हा जर्मनीतही हाच खेळ चालला होता. फ्रिट्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’साठी बर्लिनजवळच्या बाबेल्सबर्गला हजारो माणसं जमावात उभी केली, त्यांतले कित्येक बेकार होते. मार्लेन डीट्रिख १९३० च्या ‘ब्ल्यू एंजल’ने जगभर गाजली, तिची त्याआधीची वर्षं बारीकसारीक भूमिकांत गेली होती. प्रभातने १९३३ साली ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रती काढायला जर्मनीच गाठली होती. तो प्रयोग फसला, पण आपलं आणि त्यांचं नातं जुनं आहे.

‘मेट्रोपोलिस’ची कथा आपल्याला फार शिकवते. १९२७ साली तो बर्लिनमध्ये लागला आणि थोड्याच दिवसांत धंद्यासाठी कापला गेला. कापताना कात्री नायक-नायिकेला धक्का लावत नाही. गेले ते दुय्यम माणसांचे प्रसंग. नायकाशी कपडे बदलणारा कामगार, मालकाने पाळत ठेवायला नेमलेला लुकडा माणूस, त्यांच्या भूमिका जवळजवळ नाहीशा झाल्या. ८० वर्षं जगाने तो चित्रपट त्यांच्यावाचून पाहिला. मग २००८ साली अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात त्याची जवळजवळ पूर्ण प्रत सापडली. २०१० साली दुरुस्त केलेला चित्रपट दाखवला गेला, तेव्हा ही छोटी माणसं परत आली आणि गोष्टीचा अर्थच बदलला.

आपली कात्री याहून निर्दय होती. हिंदुस्थानात तेराशेच्या वर मूकपट निघाले. त्यांतले जेमतेम तीसेक, तेही बहुतेक तुटक, शिल्लक आहेत. नायट्रेटची फिल्म पेट घेते, कुजते. चांदी काढण्यासाठी ती विकलीही गेली. २००३ च्या जानेवारीत पुण्यात साठवणीच्या जागेला आग लागली, तीत प्रभातच्या मूळ फिल्मही गेल्या. नायकांची छायाचित्रं, मुलाखती, आत्मचरित्रं यांतून काही ना काही उरतं. किरकोळ नट फक्त फिल्मवर होता. फिल्म गेली की तो पुरता गेला.

गुलमंडीकरांना विनंती

म्हणून हा लेख गुलमंडीच्या आणि मराठवाड्यातल्या वाचकांसाठी लिहिला आहे. जुन्या शहरातल्या वाड्यांत, माळ्यांवर, दुकानांच्या मागच्या खोल्यांत अजून ट्रंका आहेत. त्यांत चित्रपटगृहात विकली जाणारी गाण्यांची चोपडी असेल, कुणा आजोबांचा मेकअपमधला फोटो असेल, स्टुडिओचं पगाराचं पाकीट, एखादं पत्र, तंबू थिएटरची हँडबिलं असतील. दिवाळीच्या साफसफाईत हे कागद रद्दीत जातात. देण्यापूर्वी एकदा पाहा. फोटोच्या मागे नाव, गाव, साल, चित्रपट पेन्सिलीने लिहून ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि फोनवर त्यांचं बोलणं उतरवून घ्या. फिल्मचा डबा सापडला तर तो विस्तवापासून लांब ठेवा, घरात उघडू नका. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, त्यांना कळवा.

या शहरात अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवलं जातं. महोत्सवाने दरवर्षी एक सत्र मराठवाड्यातून गेलेल्या लहान भूमिकांच्या कलावंतांना द्यावं. विभागातल्या विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी पुन्हा एकदा बालगंधर्व किंवा शांताराम न घेता गौरीबाई घ्याव्यात, साळुंके घ्यावेत, आपल्या गल्लीतला असा एखादा माणूस शोधावा. अशी नोंद ठेवायला मोठा निधी लागत नाही. वही, चिकाटी आणि आस्था एवढं पुरतं.

आणि उद्या तुमच्या शेजारचा मुलगा मालिकेत अर्ध्या मिनिटाचा हवालदार म्हणून दिसला, तर त्या मालिकेचं नाव आणि तारीख लिहून ठेवा. अण्णा साळुंक्यांच्या बरोबरच्या दासींसाठी हे कोणी केलं नाही. आपल्या काळातल्या माणसांसाठी ते आपणच केलं पाहिजे.